ब्लॉकनंतरचे काही तास

मणक्यात इंजेक्शन घ्यायचे ठरले आहे असे सांगितले की आपल्याकडे घरातून पहिला प्रश्न येतो तो पाय लुळा तर पडणार नाही ना असा, आणि भेटायला आलेले विचारतात की आता कायमचे बरे वाटेल ना. पहिल्यामागे भीती असते, दुसऱ्यामागे माया असते, आणि दोन्ही मला समजतात. परंतु डाव्या पायातील मज्जातंतूच्या दुखण्याबरोबर बरीच वर्षे काढल्यानंतर, आणि नर्व्ह ब्लॉक म्हणजे मज्जातंतूजवळ दिले जाणारे भुलीचे इंजेक्शन स्वतः घेतल्यानंतर, माझे मत असे झाले आहे की या उपचाराचे खरे मोल त्या दोन्ही प्रश्नांच्या पलीकडे आहे. ब्लॉक हा आधी शरीराला विचारलेला प्रश्न असतो आणि त्यानंतर उपचार असतो. हे ज्या रुग्णाला आणि ज्या डॉक्टरांना उमगले, त्यांच्या हाती त्या इंजेक्शनातून काहीतरी टिकाऊ लागते. ज्यांना उमगले नाही, त्यांच्या हाती औषधाचा उतरता अंमल तेवढा राहतो.

माझे दुखणे कमरेपासून सुरू होत असे, पण ते कमरेचे नव्हते. डाव्या कुल्ल्यात ठणका, तेथून मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्याखाली उतरणारी ओढ, नडगीच्या बाहेरच्या कडेने जाणारी आग आणि शेवटी पावलाच्या वरच्या भागावरून अंगठ्यापर्यंत पोहोचणारी चमक, असा त्याचा ठरलेला मार्ग होता. रात्री चादरीची कड अंगठ्याला लागली तरी झोप मोडत असे. पहाटे गार फरशीवर पाऊल टेकले की आगीची जाणीव होई, आणि तोच भाग बोटांनी चाचपला तर बधिर लागे. जेथे सर्वांत जास्त दुखते तेथेच स्पर्श सर्वांत कमी कळावा, ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी फार घाबरले होते. पुढे समजले की मज्जातंतूच्या दुखण्याची हीच खूण आहे. अंगठ्याला काहीही झालेले नसते. अंगठ्याकडून मेंदूकडे बातमी नेणारा तंतू वाटेत कोठेतरी दबलेला किंवा सुजलेला असतो. त्यामुळे खरी बातमी पोहोचत नाही, आणि नसलेल्या जखमेची खोटी बातमी मात्र अखंड जात राहते.

मी शाळेत भूगोल शिकवत होते. सलग तास उभे राहून शिकवणे, फळ्यावर नकाशा काढताना एका पायावर भार देणे, जिना चढणे हे सारे हळूहळू अवघड होत गेले. तरीही बाहेरून पाहणाऱ्याला माझ्या पायात काहीच दिसत नसे. सूज नाही, जखम नाही, लंगडणेही रोज नाही. ‘तुम्ही फार मनावर घेता’ हे वाक्य मी सहकाऱ्यांकडून ऐकले, नातेवाइकांकडून ऐकले आणि एकदा एका दवाखान्यातही ऐकले. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची सुधारित व्याख्या दिली, आणि तिच्या जोडीला जी टिपणे दिली, त्यांत एक असे आहे की एखादी व्यक्ती आपल्याला वेदना होते असे सांगते तेव्हा त्या सांगण्याचा आदर राखला पाहिजे. इतकी साधी गोष्ट तज्ज्ञांना लिहून ठेवावी लागली, यावरूनच न दिसणाऱ्या दुखण्याची व्यथा कळते.

एमआरआयने प्रश्न सुटेल असे सर्वांना वाटले होते. प्रत्यक्षात त्याने तो वाढवला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी फुगलेली होती, आणि पाचवा मणका व त्रिकास्थी (त्याच्या खालचे त्रिकोणी हाड) यांच्यामधील गादीही सरकलेली होती. दोषी कोणती? आपल्याकडे एमआरआयचा कागद हाती पडला की ‘गादी सरकली’ हे शब्द निकालपत्रासारखे वाचले जातात. परंतु १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला नंतर वाचायला मिळाला. त्यात कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा होता, आणि सर्वच्या सर्व गाद्या निर्दोष असलेले लोक अवघे ३६ टक्के निघाले. ही सारी माणसे दुखण्याविना हिंडतफिरत होती. म्हणजे चित्रात दिसणारा बिघाड आणि पायात जाणवणारी आग यांचा संबंध गृहीत धरता येत नाही. तो सिद्ध करावा लागतो. ब्लॉकचे काम येथून सुरू होते.

दुखण्याचा मार्ग पाहून बराच अंदाज बांधता येतो. मणक्यांच्या फटींतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मज्जामुळाकडे, म्हणजे मज्जातंतूच्या मुळाकडे, त्वचेचा ठरावीक पट्टा असतो. चौथ्या कंबरमुळाचा पट्टा गुडघ्यावरून नडगीच्या आतल्या बाजूला जातो, पाचव्याचा नडगीच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याकडे येतो, आणि त्रिकास्थीतील पहिल्या मुळाचा पोटरीमागून तळव्याच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे जातो. हे पट्टे ज्यांनी शोधले त्यांच्यापैकी हेन्री हेड या इंग्रज डॉक्टरांविषयी मला विशेष आदर वाटतो. नागीण झालेल्या रुग्णांच्या अंगावरील पुरळ कोणत्या पट्ट्यात उठतो याची बारीक नोंद करून त्यांनी आणि त्यांचे सहकारी कॅम्पबेल यांनी १९०० साली आपले निष्कर्ष मांडले. पुढे १९०३ साली हेड यांनी स्वतःच्या हातातील एक मज्जातंतू कापून घेतला आणि संवेदना कशी परत येते ते सहकाऱ्याच्या मदतीने वर्षानुवर्षे तपासले. आयुष्यभर नकाशे शिकवलेल्या मला माणसाच्या कातडीचाही असा नकाशा आहे, आणि तो आजाऱ्यांच्या अंगावरून काढला गेला आहे, हे कळल्यावर मी कितीतरी वेळ तो समोर घेऊन बसले होते. माझा पट्टा पाचव्या मुळाचा होता. पण माणसामाणसांत या सीमा थोड्या सरकतात आणि शेजारचे पट्टे एकमेकांवर चढतात, म्हणून नकाशावरून संशय घेता येतो, खात्री करता येत नाही.

खात्रीसाठी वापरले जाणारे औषध साधे असते. लिग्नोकेन, म्हणजेच लिडोकेन, हे दात काढताना हिरडीत देतात तेच. मज्जातंतूतून संदेश जातो तो तंतूच्या आवरणावरील सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. लिग्नोकेन ही दारे आतून अडवते आणि औषध विरून जाईपर्यंत संदेश थांबतो. ते स्टॉकहोममध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केले आणि १९४८ साली बाजारात आले. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते आधी स्वतःला टोचून पाहिले होते.

या विद्येत स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणारी माणसे वारंवार भेटतात. १८८४ साली व्हिएन्नातील कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करता येतो हे दाखवले आणि स्थानिक भुलीचे युग सुरू झाले. १८९८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर या शल्यविशारदांनी मणक्यातून भूल देण्याच्या पद्धतीची पारख करण्यासाठी सहायक हिल्डेब्रांट यांच्याकडून स्वतःच्या मणक्यात सुई टोचून घेतली. पिचकारी सुईला नीट बसली नाही, पाठीच्या कण्यातील पाणी वाहून गेले आणि प्रयोग फसला. मग हिल्डेब्रांट यांनी स्वतःला पुढे केले. त्यांच्या पाठीत कोकेन गेल्यावर बीअर यांनी त्यांच्या नडगीवर लोखंडी हातोडीने प्रहार केले, केस उपटले, जळती सिगार टेकवली. हिल्डेब्रांट यांना काहीही दुखले नाही. त्या संध्याकाळी दोघांनी आनंदाने जेवण केले. दुसऱ्या दिवसापासून बीअर यांना अशी डोकेदुखी लागली की कित्येक दिवस त्यांना उठून बसता येईना, आणि हिल्डेब्रांट यांच्या पायांवर वेदनारहित घावांचे काळेनिळे वळ उमटले. आज आपल्याकडे ‘सिझेरियनच्या वेळी मणक्यात सुई टोचली तेव्हापासून कंबर धरते’ असे म्हणणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत, आणि त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण त्या सुईमागे एवढ्या जोखमीने मिळवलेले ज्ञान उभे आहे हेही कोणीतरी त्यांना सांगायला हवे.

पायाच्या दुखण्यासाठी ही सुई वापरण्याचे श्रेय पॅरिसकडे जाते. १९०१ साली सिकार आणि कातलँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, माकडहाडाजवळच्या छिद्रातून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरील पोकळीत औषध पोहोचवता येते हे दाखवले, आणि सिकार यांनी ते सायटिकाच्या, म्हणजे कमरेपासून पायात उतरणाऱ्या दुखण्याच्या, रुग्णांना दिले. सरकलेल्या गादीमुळे मज्जामूळ दबते आणि त्यामुळे पाय दुखतो हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार यांनी १९३४ साली मांडले. म्हणजे कारण नीट कळण्याच्या तीस वर्षे आधी उपचाराची वाट सापडली होती. आज त्या वाटेवर क्ष-किरणांची सोबत असते, एवढाच मोठा फरक.

माझा ब्लॉक पुण्यात झाला. आधी रक्तदाब, साखर, रक्त गोठण्याच्या तपासण्या; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, अंगात ताप किंवा कोठे जंतुसंसर्ग आहे का, याची कसून चौकशी झाली. हे प्रश्न कंटाळवाणे वाटले तरी त्यांतील एकही वगळण्यासारखा नाही, कारण मणक्याच्या पोकळीत रक्त साकळले किंवा पू झाला तर पाय खरोखरच गमावण्याची वेळ येऊ शकते. मग ऑपरेशन थिएटरात पोटाखाली उशी घेऊन पालथे झोपायचे, कमरेवर गार बीटाडिन फिरते, आणि सी-आर्म नावाचे क्ष-किरण यंत्र अंगावरून तिरके वळते. मला पूर्ण गुंगी देणार नाही असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. ‘मॅडम, तुम्ही जाग्या असणं माझ्या उपयोगाचं आहे,’ असे ते म्हणाले, आणि त्यामागे दोन कारणे होती. सुई मज्जामुळाला थेट लागली तर रुग्ण तत्काळ सांगू शकतो, हे सुरक्षिततेचे कारण. दुसरे कारण मला काही मिनिटांनी समजले.

तिरक्या कोनातून पाहिले असता कमरेच्या मणक्याची आकृती पडद्यावर एका लहान कुत्र्यासारखी दिसते; जगभरचे क्ष-किरणतज्ज्ञ तिला स्कॉटी डॉग म्हणतात, आणि त्या कुत्र्याच्या हनुवटीखालची जागा हे सुईचे लक्ष्य असते. कातडी बधिर करणारी टोचणी झोंबते, त्यानंतर दाब जाणवतो. सुई जागेवर पोहोचल्यावर आधी क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य थोडेसे सोडतात. पडद्यावर ते मज्जामुळाच्या कडेने बारीक रेघ काढत उतरले, आणि त्याच क्षणी माझ्या पायात ती चमक उठली: कुल्ला, मांडी, नडगी, अंगठा, अगदी ओळखीच्या मार्गाने. डॉक्टरांनी विचारले, ‘हीच का तुमची नेहमीची कळ?’ मी म्हटले, हीच. माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि परिचारिकेला वाटले की फार दुखले म्हणून. खरे तर एवढ्या वर्षांत प्रथमच माझ्या दुखण्याला माझ्याव्यतिरिक्त कोणाचा तरी हात लागला होता. जे मी शब्दांत सांगत आले होते ते आता एका पडद्यावर, एका नेमक्या फटीपाशी, दुसऱ्या माणसालाही दिसत होते.

मग लिग्नोकेन आणि दाह उतरवणारे स्टिरॉइड आत गेले आणि पाचएक मिनिटांत पाय जड झाला. चमक गेली, ओढ गेली, आग गेली. दुखण्याशिवायचा जो पाय कसा असतो हेच मी विसरले होते, तो पाय मला परत मिळाला. या तासांबद्दल रुग्णांना पुरेसे सांगितले जात नाही अशी माझी तक्रार आहे. बहुतेक जण घरी येऊन झोपतात, कारण थकवा असतो आणि घरचेही म्हणतात, पडून राहा. मला मात्र सांगितले होते की पायात बळ आल्याची खात्री झाली की कोणाचा तरी हात धरून, एरवी ज्या हालचालींनी दुखते त्या सावकाश करून पाहा, आणि दर तासाला शंभरातून किती दुखते ते लिहून ठेवा. मी वाकून पाहिले, जिन्याच्या दोन पायऱ्या चढून पाहिल्या, खुर्चीवर बराच वेळ बसून पाहिले. वहीतल्या आकड्यांत दुपारभर जवळजवळ शून्य होते. रात्री, लिग्नोकेनचा अंमल संपल्यावर, आग परत आली.

ती परत आली म्हणून घरात निराशा पसरली. मला निराशा वाटली नाही, आणि याचे श्रेय मी आधी मिळालेल्या माहितीला देते. भुलीचे औषध काही तासांचेच असते. त्याचे परत जाणे हे अपयश नाही. उलट ते औषध ठरलेल्या वेळी आले, ठरलेल्या मुळाशी थांबले आणि ठरलेल्या वेळी गेले, आणि माझे दुखणे त्याच वेळापत्रकाने गेले आणि आले, हाच तर पुरावा होता. दोषी पाचवे मूळ आहे, खालची सरकलेली गादी निव्वळ चित्रात आहे, असा निष्कर्ष डॉक्टरांनी त्या वहीवरून काढला.

हा पुरावा निर्विवाद असतो असे मात्र मी म्हणणार नाही. औषध जास्त प्रमाणात सोडले तर ते शेजारच्या मुळापर्यंत पसरते आणि उत्तर धूसर होते. काही मिलिलिटर औषध आणि अर्धा मिलिलिटर औषध यांत निदानाच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. शिवाय १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायटिकाच्या रुग्णांना निरनिराळ्या जागी ब्लॉक देऊन पाहिले, तेव्हा बिघाड मणक्यात असूनही खाली, पायाकडे जाणाऱ्या मुख्य मज्जातंतूपाशी दिलेल्या ब्लॉकनेही पुष्कळांना आराम वाटला. म्हणजे आराम पडला म्हणून बिघाड त्याच जागी आहे असे एका ब्लॉकवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. आशेनेही वेदना काही काळ उतरते. म्हणूनच तपासणीतील खुणा, एमआरआय, ब्लॉकच्या वेळी उठलेली कळ आणि नंतरच्या तासांची नोंद, हे सारे एकाच दिशेला बोट दाखवत असेल तरच त्यावर विसंबावे, विशेषतः शस्त्रक्रियेचा निर्णय त्यावर होणार असेल तेव्हा.

स्टिरॉइडचा भाग वेगळा आहे. गादीच्या आतील मऊ गाभा बाहेर पडला की तो मज्जामुळाला दाबतो आणि रासायनिक दाहही निर्माण करतो. स्टिरॉइड हा दाह उतरवते, आणि त्याला काही दिवस लागतात. माझ्या बाबतीत आठवड्याच्या शेवटास आग निम्म्यावर आली आणि काही महिने तशी राहिली. सर्वांना इतका लाभ होत नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा इंजेक्शनांनी पायाची वेदना थोड्या काळासाठी आणि थोडीच कमी होते असे दिसले. शंभराच्या मापपट्टीवर सरासरी फरक सुमारे ५ गुणांचा होता. सरासरीत कोणाचा लाभ पुष्कळ आणि कोणाचा शून्य असतो हे खरे, तरी हा आकडा रुग्णाला आधी सांगितलाच पाहिजे. ब्रिटनमधील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हे इंजेक्शन तीव्र आणि नव्याने उद्भवलेल्या सायटिकासाठी विचारात घ्यावे असे म्हटले आहे. दुखणे जितके जुने होते, तितकी मज्जारज्जू आणि मेंदू यांनाच वेदनेची सवय जडत जाते, आणि मग एका मुळाशी टेकवलेले औषध अपुरे पडू लागते.

मग माझ्यासारख्या जुन्या दुखणेकऱ्याने ते का घ्यावे? माझे उत्तर त्या महिन्यांत आहे. दुखण्याच्या धाकाने मी पाय जपत आले होते, आणि जपलेला पाय दुबळा झाला होता. मांडीचे स्नायू उतरले होते, अंगठा वर उचलण्याचे बळ कमी झाले होते. वेदना निम्मी झाल्यावर फिजिओथेरपिस्ट ताईंनी जे व्यायाम आधी अशक्य होते ते सुरू केले: आधी पाठीचे, मग कुल्ल्याचे, मग चालण्याचे. हे काम गोळ्यांच्या आधाराने होत नव्हते, कारण प्रिगॅबालिन या मज्जातंतूच्या वेदनेवरच्या गोळीने मला झापड येत असे. ब्लॉकने दिलेला अवधी मर्यादित आहे हे ठाऊक असल्यामुळेच मी तो वाया जाऊ दिला नाही, आणि आग पुढे थोडी वाढली तेव्हा तिला तोंड देणारा पाय निराळा होता.

प्रत्येक जळत्या पायाला हे लागू नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. माझ्या आत्यांना मधुमेह आहे आणि त्यांचे दोन्ही तळवे रात्रंदिवस जळतात. माझा अनुभव ऐकून त्यांनीही ‘तेच इंजेक्शन’ मागितले. डॉक्टरांनी नकार दिला आणि कारण समजावून सांगितले. मधुमेहात लांबलचक मज्जातंतूंची टोके दोन्हीकडून झिजत येतात. तेथे अडवण्यासारखे एक मूळ नसतेच. त्याहून वाईट म्हणजे स्टिरॉइडने साखर काही दिवस चढते. त्यांना साखरेचे नियंत्रण, मज्जातंतूच्या वेदनेवरच्या गोळ्या आणि रोज तळवे तपासण्याची शिस्त लागू पडली. आपल्याकडे मधुमेहाचे प्रमाण पाहता, पाय जळतात म्हणून मणक्यात सुई घेणारे पुष्कळ असतील याची मला काळजी वाटते.

उलट काही दुखण्यांत ब्लॉक चपखल बसतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या रुपयाएवढ्या किंवा तळहाताएवढ्या भागात जळजळ आणि बधिरपणा येतो, आणि कारण असते ते कमरेच्या हाडाच्या टोकापाशी दबलेला त्वचेचा एक छोटा मज्जातंतू. घट्ट पट्टा, घट्ट परकर, वाढलेले वजन किंवा गरोदरपण यांनी तो दाबला जातो. हा विकार १८९५ साली वर्णिला गेला, आणि सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःलाच तो असल्याचे त्यांनी त्याच वर्षी लिहिले. तेथे सोनोग्राफीत पाहून दिलेले थोडेसे औषध निदानही करते आणि पुष्कळदा आरामही देते. लहानशा दुखापतीनंतर सबंध पाऊल लाल, सुजलेले आणि स्पर्शही सहन न होणारे होते, त्या विकारात कमरेजवळच्या अनुकंपी, म्हणजे रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या, मज्जातंतूंचा ब्लॉक देतात. तो जागेवर बसला की पाऊल हातांना ऊबदार लागते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील जखमी सैनिकांमध्ये डॉक्टर वीअर मिचेल यांनी अशीच जाळणारी वेदना पाहिली होती, आणि त्या सैनिकांपैकी काही जण कोरडा स्पर्श टाळण्यासाठी बुटांत पाणी ओतून चालत असत. त्या सैनिकांसाठी तेव्हा कोणाच्याही हाती अशी सुई नव्हती.

धोक्यांविषयी मी मौन पाळणार नाही. २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मणक्यातील स्टिरॉइडच्या लेबलवर दृष्टी जाणे, पक्षाघात (स्ट्रोक), अंग लुळे पडणे आणि मृत्यू अशा विरळ पण भयंकर परिणामांचा इशारा छापणे बंधनकारक केले. कणदार स्टिरॉइड चुकून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या बारीक रोहिणीत गेले तर ती बंद पडू शकते. म्हणून मुळाजवळच्या ब्लॉकसाठी कण नसलेले डेक्सामेथासोन वापरले जाते का, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. त्याआधी २०१२ साली अमेरिकेतच बुरशीने दूषित झालेल्या स्टिरॉइडमुळे ६० हून अधिक रुग्ण दगावले होते. लघवीवरचा ताबा जाणे, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा येणे, पाऊल लटके पडणे ही लक्षणे असतील तर ब्लॉकची वाट पाहायचीच नसते. तेथे शल्यचिकित्सकाकडे त्याच दिवशी जावे लागते. माझ्या घरच्यांच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे: योग्य हातांत, पडद्यावर पाहून, योग्य औषधाने दिले तर पाय लुळा पडण्याची शक्यता फार विरळ आहे, पण शून्य नाही.

शहरांच्या चौकांत आता ‘ऑपरेशनशिवाय कायमची मुक्ती’ असे फलक दिसतात. त्यांनी या उपचाराचे भले केले असे मला वाटत नाही, कारण कायमचे काही मिळाले नाही की लोक संपूर्ण विद्येवरच अविश्वास दाखवतात. तालुक्याच्या गावी मात्र अडचण उलटी आहे: तेथे वेदनातज्ज्ञ सापडत नाही. सोनोग्राफीने मज्जातंतू शोधणारे यंत्र घ्यायचे म्हटले तरी ते १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदवावे लागते, मग ते केवळ मांडीतील मज्जातंतू पाहण्यासाठी का असेना. मुलींच्या जिवासाठी केलेला तो कायदा आवश्यकच आहे, आणि नोंदणीचा भार डॉक्टरांनी उचललाच पाहिजे. तरीही त्यामुळे लहान गावांतील भूलतज्ज्ञ या वाटेला जाण्यास कचरतात, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

माझी मागणी मात्र यंत्राची नाही, कागदाची आहे. माझ्या ओळखीतील एका बाईंना आधी दुसरीकडे ब्लॉक दिला गेला होता, आणि पुढे आराम संपल्यावर त्या नव्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा जुन्या कागदावर ‘कमरेत ब्लॉक दिला’ इतकेच लिहिलेले होते. कोणत्या बाजूला, कोणत्या मुळाशी, कोणते औषध, किती मिलिलिटर, सुई टेकल्यावर नेहमीची कळ उठली की नाही, पहिल्या चार तासांत किती आराम पडला, यांपैकी एकही गोष्ट नव्हती. त्यामुळे तो ब्लॉक कोणी दिलाच नाही अशा तऱ्हेने सारे नव्याने करावे लागले. ब्लॉकनंतर घरी पाठवताना रुग्णाच्या हाती द्रव्याची रेघ दिसणारे क्ष-किरण चित्र द्यावे, औषधांची नावे आणि मात्रा लिहून द्याव्यात, आणि तासातासाने वेदनेचा आकडा भरण्यासाठी एक मराठीतला तक्ता द्यावा. माझ्या डॉक्टरांनी असा तक्ता छापून घेतला आहे. त्यात ‘ठणका’, ‘आग’, ‘मुंग्या’, ‘चमक’ आणि ‘बधिर’ असे पाच वेगळे रकाने आहेत, आणि तो भरण्यासाठी रुग्णासोबत आलेल्या माणसाला पेन दिले जाते.